परदेशी गेलेल्याचा ठावठिकाणा

पाठीवर एक पिशवी टाकून एकट्यानेच परमुलूख पाहावयास निघणारे तरुण हल्ली पुष्कळ दिसतात. त्यांतील एखादा कोठे तरी डोंगरात, बंदरात किंवा परक्या शहरात दिसेनासा होतो. खुशालीचे निरोप अकस्मात थांबतात, वर्तमानपत्रांतून चार दिवस त्याचे छायाचित्र छापले जाते आणि पाचव्या दिवशी जग आपल्या कामाला लागते. घर मात्र त्या शेवटच्या निरोपापाशीच खोळंबून राहते. हा प्रसंग नव्या काळाचा वाटतो. परंतु त्याचा इतिहास जुना आहे, आणि त्यात आपल्या मराठी घरांचाही वाटा आहे.

आमच्या बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर अंगाने मुंबई-नागपूर लोहमार्ग जातो. १८६७ साली तो नागपुरास पोचला आणि मलकापूर, नांदुरा, शेगाव ही स्थानके या भागाची नवी वेस झाली. त्यापूर्वी काशीस निघालेल्या माणसाला गावच्या मारुतीपर्यंत पोचवीत. पुढे फलाटावर निरोप होऊ लागला. मुंबई गाठली की पुढे समुद्र. समुद्रापलीकडे गेलेल्या माणसाची खबर आणावयास वाटसरू उपयोगी पडत नाही. तेथे पत्र, तार आणि सरकार यांचाच आधार. हा आधार ज्याला मिळाला त्याचे काय झाले आणि ज्याला मिळाला नाही त्याच्या घराने काय केले, एवढेच मला आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

प्रथम आपल्या शास्त्राचे पाहू. मनुष्य परदेशी गेला आणि बारा वर्षे त्याची काहीच वार्ता आली नाही, तर त्याचे और्ध्वदेहिक करावे, अशी तजवीज धर्मशास्त्राने करून ठेवली आहे. देह नसतो, म्हणून अस्थींच्या जागी पळसाची ३६० पाने किंवा देठ मांडून मनुष्याकृती करावयाची व तिला अग्नी द्यावयाचा. यालाच पालाशविधी म्हणतात. इंग्रजी अमलातील १८७२ च्या साक्ष्य कायद्याने ही मुदत सात वर्षांवर आणली. ज्यांच्या कानी एखाद्याची वार्ता स्वाभाविकपणे यावयाची, त्यांच्या कानी ती सात वर्षे आली नाही, तर तो जिवंत आहे असे म्हणणाऱ्यानेच ते सिद्ध करावे, असा हा नियम. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो कायम ठेवला आहे.

या दोन्ही व्यवस्थांचे मर्म एकच आहे. गेलेला मनुष्य मेला, असे शास्त्रही छातीठोकपणे सांगत नाही आणि कायदाही सांगत नाही. मागे राहिलेल्यांना श्राद्ध करता यावे, वाटणी करता यावी, व्यवहार पुढे नेता यावा, एवढ्याचसाठी वाट पाहण्याला मर्यादा घातलेली आहे. स्त्रीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक कठीण. पराशराने ज्या पाच आपत्तींत स्त्रीला दुसरा पती सांगितला, त्यांत पती नाहीसा होणे ही आपत्ती आहे. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी याच वचनाचा आधार घेऊन चळवळ केली आणि १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला.

परंतु मन मुदत पाळीत नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी ते मान्य केले नाही आणि सौभाग्यचिन्हे उतरविली नाहीत. शास्त्राची बारा वर्षे १७७३ साली संपली. भाऊचे नाव सांगणाऱ्या तोतयाला १७७६ साली देहदंड झाला. तरीही त्या वाट पाहतच राहिल्या आणि १७८३ साली गेल्या. बावीस वर्षे पेशव्यांच्या घराण्यातील एक स्त्री ना सधवा ना विधवा अशा अवस्थेत राहिली. ज्याच्या शोधासाठी सारे राज्य राबू शकत होते त्याच्या घरी ही स्थिती; मग सामान्य घराची काय असेल?

आता ज्याचा शोध लागला अशा एका परदेशी तरुणाची हकीकत ऐका. अडॉल्फ श्लागिन्टवाइट हा जर्मन शास्त्रज्ञ आपल्या दोघा भावांसह १८५४ च्या ऑक्टोबरात मुंबईस उतरला. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी करण्याचे काम ईस्ट इंडिया कंपनीने त्यांस दिले होते. दख्खन ओलांडून हे बंधू मद्रासेस गेले आणि नंतर हिमालयाकडे वळले. १८५७ साली दोघे भाऊ स्वदेशी परतले असता अडॉल्फ काही नोकरमाणसे घेऊन काराकोरम ओलांडून तुर्कस्तानात शिरला. तिकडे हिंदुस्थानात बंडाचा वणवा पेटलेला, इकडे काशगरात वली खान नावाच्या सरदाराची झोटिंगशाही. त्याच्यापासूनच्या बातम्या थांबल्या. त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात वली खानाने त्याला हेर समजून, चौकशी न करता, शिरच्छेदाची शिक्षा दिली होती. त्याचे वय अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते.

हे आपणांस कळले कसे? त्याच्याबरोबर गेलेली माणसे परत आली आणि त्यांच्या जबान्या इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहून घेतल्या. १८५८ साली रशियाच्या नोकरीतील चोकान वलिखानोव हा तरुण कझाक अधिकारी व्यापाऱ्याच्या वेषात काशगरास पोचला व त्याने तेथे राहून खात्री करून घेतली. पुढे त्या गावी रशियन भूगोल संस्थेने स्मारकही उभारले. म्हणजे कंपनी, रशिया आणि युरोपातील विद्वान हे सारे एका माणसाच्या मागावर होते. तो जिवंत सापडला नाही. परंतु त्याच्या भावांना शेवट कळला. शेवट कळणे हीदेखील एक देणगी असते. ती सर्वांच्या वाट्याला येत नाही.

आता आपल्याच विदर्भातील एका तरुणाकडे वळू. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे विशी नुकतीच ओलांडून १९०६ च्या सुमारास देश सोडून गेले. लोकमान्य टिळकांच्या विचारांनी भारलेला हा मुलगा. देश स्वतंत्र करावयाचा तर लष्करी विद्या शिकली पाहिजे, ही त्याची तळमळ. जवळ पैसा नाही, परदेशी नातलग नाही, ओळखीचे पत्र नाही. जपानमार्गे ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यास लागले. मिळेल ते काम करीत ते शिकले. कॅलिफोर्नियातील एका खासगी लष्करी शाळेत त्यांनी कवाईत शिकून घेतली, आणि १९१३ साली वॉशिंग्टन राज्यातील शेतकी महाविद्यालयाची पदवी मिळविली. त्याच वर्षी पॅसिफिक किनाऱ्यावरील हिंदी मजुरांत गदर पक्ष उभा राहिला. लष्करी बाजू खानखोजे यांच्याकडे आली.

याच पक्षात पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरे येथील विष्णु गणेश पिंगळे हे दुसरे मराठी तरुण होते. १९१४ साली पिंगळे गुप्तपणे हिंदुस्थानात परतले, पुढच्या वर्षी मीरतेस पकडले गेले, आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरास कर्तारसिंग सराभा यांच्यासह फासावर गेले. घरी कळावयाचे ते अशा रीतीने कळले. खानखोजे मात्र पूर्वेकडून न येता पश्चिमेकडून आले. महायुद्धात ते कॉन्स्टँटिनोपलमार्गे इराणात शिरले आणि बलुचिस्तानच्या सीमेकडून हिंदुस्थानात वाट काढण्याची खटपट करू लागले. वेष पालटला, नाव पालटले. मुसलमानी नावाने ते टोळ्यांत वावरले. लढाईत जखमी झाले, पकडले गेले, निसटले. तेथून जर्मनी. १९२१ साली मॉस्को. आणि १९२४ साली, कोणाच्या स्वप्नातही येणार नाही असा देश, मेक्सिको.

येथे थोडा हिशेब करून पाहा. वर्ध्याच्या घरी १९०६ नंतर काही वार्ता आली नसती असे धरले, तर कायद्याची सात वर्षे १९१३ साली भरतात. त्या वर्षी हा मनुष्य पदवीधर होत होता. शास्त्राची बारा वर्षे १९१८ साली भरतात. पळसाची पाने मांडावयाच्या त्या घटकेस तो इराणच्या डोंगरांत बंदूक घेऊन हिंडत होता. मुदती काही खोट्या नव्हेत. परंतु माणसाचे आयुष्य मुदतींना विचारून चालत नाही.

आणि त्याचा शोध कोणी घ्यावयाचा? शोध चालू होताच. पण तो ज्यांना त्याला पकडावयाचे होते त्यांचा. गुप्त पोलिसांच्या कागदांत त्याचा जो ठावठिकाणा नोंदला जाई, तो घराला कळण्याचा संभव नव्हता. घराने सरकारकडे विचारणा करणे म्हणजे आपणच पोलिसांना वाट दाखविणे. युद्धाच्या काळात टपाल तपासले जाई. तेव्हा पत्र लिहिणे हाही धोका आणि पत्र येणे हाही धोका. अडॉल्फचे भाऊ जगभर विचारीत सुटले. क्रांतिकारकाच्या घरास मात्र मोठ्याने विचारण्याचीही सोय नव्हती. गप्प राहणे हेच तेथे प्रेमाचे एकमेव रूप उरते. शेजारी विचारतात, ‘मुलाचे काही पत्र?’ आणि उत्तर देणाऱ्यास खरे सांगता येत नाही, खोटेही सांगवत नाही. अशा घरांचा इतिहास कोणत्याही दप्तरात नाही.

मेक्सिकोत खानखोजे चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. मक्याच्या सुधारलेल्या जाती तयार करणे हे त्यांचे काम. शेतकऱ्यांसाठी त्यांनी विनाशुल्क कृषिशाळा काढल्या. दिएगो रिवेरा या थोर चित्रकाराने १९२८ साली मेक्सिको शहरातील शिक्षण खात्याच्या इमारतीत भिंतीवर एक चित्र काढले. जेवणाच्या मेजाभोवती कष्टकरी बसले आहेत आणि मधोमध बसलेला पुरुष सर्वांसाठी भाकरी मोडीत आहे. तो पुरुष म्हणजे वर्ध्याचे पांडुरंगराव. ज्याचे नाव मायदेशी दबक्या आवाजात घ्यावयाचे, त्याचा चेहरा एका परक्या राजधानीत भरदिवसा सर्वांसमोर होता! इंग्रजी अमल असेपर्यंत मात्र त्यांना उघडपणे मायदेशी येता आले नाही. १९४९ साली ते आले, शेतीसंबंधी सल्ला देण्यासाठी. पुढे नागपुरास स्थायिक झाले आणि २२ जानेवारी १९६७ रोजी तेथेच वारले. विशीत गेलेला मुलगा साठीच्या घरात परतला. त्यांची कन्या सावित्री साहनी यांनी २००८ साली त्यांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले, आणि २०२२ साली चापिंगोस त्यांचा पुतळा बसविण्यात आला.

श्रोतेहो, ही कथा सुखान्त आहे म्हणून आपण ती आवडीने ऐकतो. पण खानखोजे इराणात असताना शेजारच्या इराकात इंग्रजांच्या बाजूने लढणारे मराठे शिपाईही होते. १०३ वी आणि ११० वी या मराठा पलटणी कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या आणि १९१६ च्या एप्रिलात तेथील फौजेने शस्त्रे खाली ठेवली. कैदेत, वाळवंटातील वाटचालीत, उपासमारीने आणि रोगाने कित्येक नाहीसे झाले. ज्यांची थडगी सापडली नाहीत त्यांच्यासाठी बसऱ्यास स्मारक बांधले आहे. चाळीस हजारांहून अधिक मृतांचे ते स्मारक. गोऱ्या शिपायांची नावे तेथे कोरली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. हिंदी शिपायांच्या मात्र पलटणीनुसार केवळ संख्या घातल्या. राष्ट्रकुलाच्या युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली या भेदभावाची जाहीर कबुली दिली.

नीट विचार केला तर असे दिसेल, की मनुष्य दोनदा नाहीसा होतो. एकदा परक्या भूमीवर, आणि दुसऱ्यांदा आपल्याच घराच्या आठवणीतून. पहिले टाळणे आपल्या हाती नसते. दुसरे पुष्कळ अंशी असते. परदेशी संकटात सापडलेल्यांच्या तक्रारींसाठी परराष्ट्र मंत्रालयाने २०१५ साली ‘मदद’ नावाची सोय केली आहे. वकिलाती आहेत, पोलीस आहेत. परंतु या सर्वांना पहिला धागा घरानेच पुरवावा लागतो: कोठे उतरला, कोणाबरोबर दिसला, शेवटचा निरोप कोणत्या तारखेचा. अडॉल्फचा शेवट कळला तो त्याच्या नोकरांनी सांगितले म्हणून, आणि ते सांगणे कोणी तरी लिहून ठेवले म्हणून. राजेरजवाड्यांनी काही केले असेल तर ते त्यानंतर.

म्हणून माझी एवढीच विनंती आहे. आपल्या घरात एखादे जुने नाव असेल. पणजोबांचा भाऊ, आजीचा मामा, ज्याच्याविषयी ‘तो गेला तो गेलाच’ एवढेच वाक्य उरले आहे. जी वृद्ध माणसे आज हयात आहेत त्यांना विचारून घ्या: साल कोणते, कोणती पलटण, कोणते जहाज, शेवटचे पत्र कोठून आले. वहीत टिपून ठेवा, खाली तारीख घाला. आणि घरचा तरुण एकटाच प्रवासास निघाला, तर त्याला अडवू नका. खानखोजे यांना अडविले असते तर मेक्सिकोच्या शेतकऱ्यांचा एक मित्र कमी झाला असता. परंतु त्याच्याकडून मुक्कामांची यादी मागून घ्या आणि तो हसला तरी ती जपून ठेवा. वाट पाहणाऱ्याच्या हाती एक कागद असणे आणि काहीच नसणे, यांत फार मोठे अंतर आहे.