पाहुण्यांचा नाच : वणी परगण्यांतील दंडार

नाच हा शब्द उच्चारतांच आपल्यापैकीं पुष्कळांच्या मनांत दोन चित्रें उभीं राहतात. एक रंगमंचावरील नाचाचें; तेथें चौघांनीं नाचावें आणि चारशें जणांनीं खुर्चीवर बसून पाहावें. दुसरें वरातींतल्या धांगडधिंग्याचें. त्याकडे सभ्य मनुष्यानें पाठच फिरवावी. परंतु या दोहोंहून निराळा असा तिसरा एक नाच आपल्या उंबरठ्याजवळ पिढ्यान्‌पिढ्या नांदत आला आहे. तो नाच म्हणजे दंडार होय. महोत्सवाच्या या वर्षीं आपल्या धर्मग्रामाचा इतिहास आठवीत असतां शेजाऱ्याच्या अंगणांतील हा इतिहासही आठवावा, त्यापासून आपणांस शिकण्यासारखें बरेंच आहे, असें प्रस्तुत लेखकास वाटतें.

वणी हें निर्गुडा नदीच्या कांठचें गांव. लोकनायक बापूजी अणे यांचा जन्म १८८० सालीं येथेंच झाला. तालुक्याच्या पूर्वेस वर्धा वाहते आणि दक्षिणेस पैनगंगा. १८५३ सालीं वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें. पुढें या जिल्ह्यास वणीचेंच नांव मिळालें, आणि १९०५ सालीं तें बदलून यवतमाळ असें झालें. नकाशांत पैनगंगा ही सदैव सरहद्द राहिली. इंग्रजी अमलांत तिच्या अलीकडे इंग्रजांचा शिक्का चाले व पलीकडे निजामाचा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर पलीकडचा बराचसा मुलूख आंध्र प्रदेशांत गेला आणि २०१४ पासून तो तेलंगणांत आहे. परंतु दोन्ही तीरांवर राहणारे गोंड व कोलाम एकमेकांस परके झाले नाहींत. सरकारें बदललीं, ढोलाचा आवाज मात्र पाण्यावरून पूर्वींसारखाच येत राहिला.

वणी, मारेगांव, झरी-जामणी आणि केळापूर या तालुक्यांत कोलामांची वस्ती आहे. त्यांच्या पाड्यास पोड म्हणतात. पोडाच्या मध्यभागीं चावडी असते. न्यायनिवाडा, सणवार आणि पाहुण्यांचें आगतस्वागत हीं सर्व तेथेंच व्हावयाचीं. बांबूच्या टोपल्या विणणारे, थोडक्या शेतीवर व जंगलावर निर्वाह करणारे हे लोक सरकारी दप्तरांत कातकरी व माडिया गोंड यांच्याबरोबर आदिम जमात म्हणून नोंदलेले आहेत. त्यांची कोलामी बोली द्राविडी कुळांतील असून भाषापंडित एमेनो यांनीं तिजवरील आपला ग्रंथ १९५५ सालीं प्रसिद्ध केला. शहरांतला मनुष्य त्यांस गरीब म्हणतो. आणि धान्याच्या कोठारांचाच हिशेब करावयाचा तर तें खरेंही आहे. पण पाहुणचाराचा हिशेब मांडूं लागलों तर गरीब कोण, हा प्रश्न इतक्या लवकर सुटणार नाहीं.

दिवाळीचे दिवस जवळ आले म्हणजे दंडारीचीं वाद्यें बाहेर काढतात व त्यांची पूजा होते. मग गांवची मंडळी ढोल वाजवीत दुसऱ्या गांवीं जावयास निघते. तरुण पुरुष हातीं लहान दांडे घेऊन फेर धरतात; स्त्रीवेषही मुलगेच घेतात. त्यांच्यापुढें घुसाडी चालतात. मोरपिसांचा थोरला मुकुट, अंगास राख, खांद्यावर कातडें आणि हातांत दंडा असा त्यांचा थाट असतो. हा वेष म्हणजे व्रत आहे. सण संपेपर्यंत घुसाडीनें स्नान करावयाचें नाहीं. तो एका बाजूनें पूज्य, दुसऱ्या बाजूनें विनोदी. थोरामोठ्यांची थट्टा तो तोंडावर करतो आणि कोणी रागावत नाहीं.

यजमान गांव सामोरें जाऊन पाहुण्यांस वाजतगाजत आंत आणतें. त्यांच्या भोजनाची व मुक्कामाची सोय सर्व गांवाची. एकट्या धनिकाची नव्हे. रात्रभर नाच, गाणीं आणि सोंगें चालतात. सोयरिकींच्या गोष्टीही अशाच भेटींत निघतात. पुढें यजमान पाहुणे होऊन परतभेटीस जातात. दंडारीखेरीज ढेमसा म्हणून दुसरा एक नाच आहे. त्यांत स्त्रियांनाही स्थान असतें, व पावलें अशीं साधीं असतात कीं, नवखा मनुष्यही थोड्या वेळांत फेरांत मिसळतो.

आतां विचार करावा कीं, हा समाज कोणत्या बळावर एकत्र राहिला? उत्तम नर्तकांच्या बळावर राहिला म्हणावें, तर उत्तम नर्तक प्रत्येक पिढींत निपजत नाहींत. त्याचें बळ तीन साध्या गोष्टींत आहे. पहिली ही कीं, येणाऱ्यास सामोरें जावयाचें असतें. दारांत कोणी आपण होऊन येईल म्हणून वाट पाहत बसावयाचें नसतें. दुसरी ही कीं, प्रत्येकास काम असतें. ज्यास नाचतां येत नाहीं तो ढोल तापवितो, जिला फेर धरावयाचा नाहीं ती भाकरी थापते, म्हातारा चुकलेला शब्द सांगतो. निरुपयोगी असा कोणी उरत नाहीं. तिसरी सर्वांत महत्त्वाची. ती परतभेटीची. आज जो देतो तो उद्यां घेतो, आज जो घेतो तो उद्यां देतो. म्हणून उपकाराचें ओझें कोणाच्याही मानेवर कायमचें बसत नाहीं.

पैनगंगेपलीकडील या परंपरेकडे जगाचें लक्ष दुःखद प्रसंगानें गेलें. १९४० सालीं जोडेघाट येथें गोंडांचा पुढारी कोमराम भीम निजामाच्या शिपायांशीं झालेल्या लढ्यांत पडला. त्यानंतर या लोकांचा अभ्यास करण्याकरितां निजाम सरकारनें व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांस पाठविलें. ते मारलवाई गांवीं राहिले, आणि गोंडांच्या देवकथा व विधी यांवरील त्यांचा ग्रंथ १९४८ सालीं निघाला. त्यांची पत्नी १९८७ सालीं निवर्तली, तेव्हां तिला मारलवाईच्याच मातींत ठेवण्यांत आलें. पाहुणा म्हणून आलेलीं माणसें अशीं घरचीं झालीं! त्याच गांवचे घुसाडी कनक राजू यांस २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. ऑक्टोबर २०२४ मध्यें ते वारले.

कोणी विचारील, ख्रिस्ती धर्मग्रामाच्या पुस्तकांत नाचाचें एवढें कौतुक कशास? त्यास उत्तर असें कीं, दावीद राजा कराराच्या कोशापुढें सर्व बळानें नाचला, व खिडकींतून पाहून त्यास तुच्छ लेखणारी मीखल हीच दोषी ठरली, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. तथापि आपल्याच इतिहासांत मीखलची दृष्टि अनेकदां प्रबळ झाली, हेंही लपवूं नये. गोव्यांत धर्मन्यायसभेनें १७३६ सालच्या जाहीरनाम्यानें ख्रिस्ती लोकांच्या लग्नांतील कितीतरी देशी चाली व गाणीं यांवर बंदी घातली. पण लोकांच्या कंठांतलें गाणें जाहीरनाम्यानें मरत नाहीं. एकोणिसाव्या शतकांत सासष्टीच्या ख्रिस्ती घरांतून मांडो उदयास आला. युरोपी नृत्याची ठेवण आणि कोंकणी शब्द यांचा त्यांत मेळ पडला. साथीस घुमट आलें. स्त्रिया व पुरुष दोन ओळींत समोरासमोर उभे राहून संथपणें पुढें व मागें सरकूं लागले. नृत्य मोठें रमणीय, यांत शंका नाहीं. मात्र तें बहुधा श्रीमंत घरांच्या दिवाणखान्यांत, निमंत्रितांपुरतें होई. शेतावरील कुणबी त्या दिवाणखान्यांत नाचावयास जात नसे. सौंदर्य होतें, पण दार अर्धेंच उघडें होतें. पोडाच्या चावडीस तर दारच नाहीं, हा भेद ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

व्हॅटिकनच्या दुसऱ्या विश्वसभेनें ४ डिसेंबर १९६३ रोजीं उपासनेविषयींचें आपलें प्रसिद्ध शासन काढलें. त्यांत, जें श्रद्धेस बाधक नाहीं त्या बाबतींत ख्रिस्तसभा सर्वत्र एकच सांचा लादूं इच्छीत नाहीं, व प्रत्येक लोकसमाजाच्या संगीतपरंपरेस योग्य मान द्यावा, असें स्पष्ट केलें आहे. यांतून आपण एक विवेक मात्र शिकला पाहिजे. घुसाडीचा मुकुट ही दुसऱ्याची पूजावस्तु आहे. ती उसनी घेऊन आपल्या समारंभांत मिरविणें हा मान नव्हे, अपमान होय. घ्यावयाचा तो मुकुट नव्हे. सामोरें जाण्याची रीत घ्यावी.

आणि ती घेण्याची आज निकड आहे. वणीच्या आसपास कोळशाच्या खाणी उघडल्या. १९७५ सालीं वेस्टर्न कोलफिल्ड्स कंपनी स्थापन झाली. वसाहतींत अनेक प्रांतांचीं, अनेक भाषांचीं कुटुंबें येऊन राहिलीं. नाताळच्या रात्रीं देवळाच्या अंगणांत काय दिसतें? एका भाषेचे लोक एका कोंपऱ्यांत, दुसऱ्या भाषेचे दुसऱ्या. मधल्या मोकळ्या जागेंत चार हौशी तरुण नाचतात, आणि ज्यांस नाचतां येत नाहीं ते भिंतीस टेकून घड्याळ पाहतात. नवें आलेलें कुटुंब मिस्सा संपतांच निमूटपणें घरीं जातें. कोणीही त्यास घालवून दिलेलें नसतें. पण सामोरेंही कोणी गेलेलें नसतें. तिकडे दंडारीवरही संकट आहेच. शहरांतील स्पर्धांस व सरकारी समारंभांस तिला पंधरा मिनिटांचा वेळ मिळतो. टाळ्या मिळतात, परंतु मुक्काम नाहीं, भाकरी नाहीं, परतभेट नाहीं. पाहुणचार वजा केला म्हणजे दंडारींत काय उरतें? मोरपिसें आणि दांडे.

म्हणून महोत्सवाच्या निमित्तानें एवढेंच सुचवावेंसें वाटतें. येत्या नाताळांत एका वस्तीनें दुसऱ्या वस्तीस गाण्याबजावण्यासह आमंत्रण द्यावें, भोजनाचा भार सर्वांनीं वांटून घ्यावा, सर्वांस साधेल असा सोपा फेर धरावा, आणि पुढच्या वर्षीं पाहुण्यांनीं यजमान व्हावें. फाटकाशीं पहिल्यानें उभें राहण्याचें काम ज्यास नाचतां येत नाहीं त्याचेंच असावें. कारण भिंतीजवळ उभ्या असलेल्या माणसाचें मन त्याच्याइतकें कोणास कळणार?

असो. मंदिराच्या विटा पूर्वजांनीं रचल्या. त्या मोजून आपण महोत्सव करीत आहों. पण विटांच्या मधलें अंगण त्यांनीं मोकळें ठेविलें, तें आपल्याकरितां. तें अंगण भरलेलें असावें, त्यांत कोणी परका नसावा, आणि पुढील महोत्सवाचा लेख लिहिणारास नाताळच्या रात्रीं भिंतीस टेकलेलें कोणी दिसूं नये, एवढीच प्रभुचरणीं प्रार्थना.