स्थानिक रेडिओवरील आरोग्यसंवाद : पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण श्रोतृमंडळांपासून समुदाय रेडिओपर्यंत (१९५६ ते २०२०)

प्रास्ताविक

भारतीय नभोवाणीचा इतिहास प्रामुख्याने वार्ता, संगीत आणि राष्ट्रीय प्रसारण या तीन अंगांनी लिहिला गेला आहे. पिण्याच्या विहिरीची स्वच्छता, लहान मुलांचे जुलाब, साथीचे ताप, बाळंतिणीचा आहार, पुराची पूर्वसूचना अशा नित्याच्या विषयांवर रेडिओने स्थानिक पातळीवर जो संवाद घडविला, त्याकडे तुलनेने कमी लक्ष गेले आहे. वास्तविक सामान्य माणसाच्या दृष्टीने रेडिओची उपयुक्तता याच विषयांत सर्वाधिक होती. प्रस्तुत लेखात १९५६ मधील पुणे केंद्राच्या प्रयोगापासून २०२० मधील कोरोना साथीपर्यंत या संवादाच्या वाटचालीचा थोडक्यात आढावा घेतला आहे. श्रोत्याचा प्रश्न केंद्रापर्यंत परत पोहोचण्याचा मार्ग जेव्हा खुला होता, तेव्हाच आरोग्यविषयक प्रसारण परिणामकारक ठरले, असे या वाटचालीवरून दिसते.

पुणे केंद्राचा प्रयोग

आकाशवाणीचे पुणे केंद्र १९५३ मध्ये सुरू झाले. त्यानंतर तीनच वर्षांनी युनेस्कोच्या साहाय्याने या केंद्राने ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग हाती घेतला. त्यामागे कॅनडातील अनुभव होता. तेथे १९४१ पासून शेतकऱ्यांची मंडळे रेडिओभोवती एकत्र जमत व ऐकलेल्या विषयावर चर्चा करीत. ‘वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा’ असे त्यांचे सूत्र होते. साक्षरतेचे प्रमाण अल्प असलेल्या भारतीय खेड्यात यातील पहिली पायरी गळाली आणि उरलेल्या तीन पायऱ्यांवर प्रयोगाची उभारणी झाली.

तत्कालीन मुंबई राज्याच्या मराठी भाषक भागातील पाच जिल्ह्यांतून १५० गावे निवडण्यात आली. प्रत्येक गावात सुमारे वीस सभासदांचे एक मंडळ स्थापन झाले. फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम प्रसारित होत असे. शेतीबरोबरच आरोग्य, साक्षरता आणि ग्रामकारभार हे विषय त्यात होते. कार्यक्रम संपल्यावर रेडिओ बंद करून मंडळ चर्चेस बसे. निमंत्रक त्या चर्चेचा वृत्तांत व सभासदांच्या शंका केंद्राकडे पाठवी आणि त्यांची उत्तरे पुढील प्रसारणातून दिली जात. ही देवाणघेवाण हाच या प्रयोगाचा कणा होता.

मूल्यमापनाचे काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते व त्याचे नेतृत्व समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी केले. त्यांनी मंडळे असलेल्या गावांची तुलना मंडळ नसलेल्या गावांशी केली. तुलनेसाठी घेतलेल्या काही गावांत रेडिओ होता, काहींत तोही नव्हता. मंडळांच्या गावांत लोकांच्या माहितीत लक्षणीय भर पडली होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत मात्र फारसा फरक आढळला नाही. आकाशवाणीचे तत्कालीन महासंचालक जगदीशचंद्र माथुर आणि न्यूराथ यांनी सिद्ध केलेला अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये प्रकाशित केला. आवाज गावात पोहोचला म्हणजे ज्ञान पोहोचले असे होत नाही, हा या अहवालाचा मथितार्थ होय. अनेक ठिकाणी मंडळाचे स्वरूप गावकीच्या बैठकीसारखे होऊन सामाईक कामांचे निर्णय तेथे होऊ लागले, हेही अभ्यासकांना आढळले.

या यशाला एक मोठी मर्यादा होती. मंडळे बहुतांशी पुरुषांची होती. पाणी भरणे, स्वयंपाक, मुलांचे संगोपन, आजाऱ्याची शुश्रूषा ही घरगुती आरोग्याची सर्व कामे जिच्याकडे होती, ती स्त्री आरोग्याच्या चर्चेत मात्र जवळजवळ अनुपस्थित होती.

विस्तार आणि एकेरी प्रसारण

नोव्हेंबर १९५९ मध्ये ही योजना देशभर लागू करण्यात आली. पुढील काही वर्षांत मंडळांची संख्या हजारोंनी वाढली. तथापि त्या प्रमाणात निमंत्रकांचे प्रशिक्षण, संचांची दुरुस्ती आणि विविध खात्यांमधील समन्वय वाढला नाही. १५० गावांच्या शंकांना उत्तरे देणे एका केंद्राला शक्य होते. हजारो मंडळांच्या बाबतीत तसे होणे अवघड होते. याच सुमारास ट्रान्झिस्टरचा प्रसार होऊन चावडीवरचे सामूहिक श्रवण घराघरांत विखुरले. श्रोते वाढले, परंतु एकत्र बसून निर्णय घेणारा समूह उरला नाही.

१९८४ मध्ये नागरकोइल येथे आकाशवाणीचे पहिले स्थानिक केंद्र सुरू झाले. १९९० च्या दशकात महाराष्ट्रात अहमदनगर (आजचे अहिल्यानगर), सातारा, बीड, उस्मानाबाद (आजचे धाराशिव), नांदेड, यवतमाळ आदी ठिकाणी अशी केंद्रे कार्यरत झाली. दूरध्वनीच्या प्रसाराबरोबर श्रोत्याने थेट फोन करून डॉक्टरांना शंका विचारण्याचा कार्यक्रमप्रकार रूढ झाला. यामुळे प्रश्न विचारण्याची सोय पुन्हा उपलब्ध झाली. परंतु प्रश्नाचे स्वरूप बदलले होते. १९५६ मधील शंका मंडळाची, म्हणजे पर्यायाने गावाची होती. फोनवरील शंका एका रुग्णाची होती. पोटदुखीवर औषध कोणते, याचे उत्तर फोनवर मिळू शकते. ज्या विहिरीच्या पाण्याने ती पोटदुखी गावभर पसरली, ती विहीर कोणी व कधी उपसायची, हे ठरविण्यास चार माणसांनी एकत्र बसणेच आवश्यक असते.

समुदाय रेडिओ

फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर डिसेंबर २००२ मध्ये शैक्षणिक संस्थांना आणि नोव्हेंबर २००६ मध्ये स्वयंसेवी संस्था, कृषी विद्यापीठे व कृषी विज्ञान केंद्रांना समुदाय रेडिओ चालविण्याची मुभा मिळाली. किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक पातळीवर, समुदायाच्या सहभागाने तयार व्हावेत, अशी अट या धोरणात होती. त्यामुळे १९५६ च्या प्रयोगातील सहभागाचे तत्त्व प्रथमच नियमाच्या रूपात आले.

तेलंगणातील (तत्कालीन आंध्र प्रदेशातील) झहीराबादजवळच्या माचनूर येथे दलित स्त्रियांनी चालविलेला संघम् रेडिओ ऑक्टोबर २००८ मध्ये सुरू झाला. परवाना नसल्याने तत्पूर्वीची अनेक वर्षे या स्त्रिया आपले कार्यक्रम ध्वनिफितींवर मुद्रित करून गटागटांत ऐकवीत असत. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यातील दुष्काळप्रवण माण तालुक्यात म्हसवड येथे ‘माणदेशी तरंग वाहिनी’ सुरू झाली. स्त्रियांच्या आर्थिक चळवळीतून उभ्या राहिलेल्या या केंद्रात आरोग्य, शेती व व्यवसाय हे विषय परिसरातील बोलीत मांडले जाऊ लागले. श्रोतृमंडळात जिला स्थान नव्हते, ती स्त्री येथे ध्वनिक्षेपकासमोर आली. अर्धशतकाच्या या इतिहासातील हा सर्वांत महत्त्वाचा बदल मानावा लागेल.

नियमांची चौकट

समुदाय रेडिओला वार्ता व चालू घडामोडींच्या प्रसारणास मनाई करण्यात आली. पुढील नियमांनी वीज, पाणीपुरवठा, नैसर्गिक आपत्ती आणि आरोग्याच्या सूचना वार्तेच्या व्याख्येतून वगळल्या, मात्र त्या स्थानिक प्रशासनाने पुरविलेल्या असाव्यात, अशी अट घातली. येथे सुरक्षिततेचा मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. उद्या पाणी येणार नाही, ही प्रशासनाची सूचना केंद्र देऊ शकते. आठ दिवसांपासून नळाला गढूळ पाणी येत आहे, हे श्रोत्याचे म्हणणे मात्र वार्तेत मोडते काय, याचा विचार त्याला करावा लागतो. साथीच्या आजाराची पहिली चाहूल बहुधा अशाच तक्रारीतून लागत असल्याने ही अडचण केवळ तांत्रिक राहत नाही.

२०२० मधील टाळेबंदीत वृत्तपत्रांचे वितरण अनेक ठिकाणी खंडित झाले असताना समुदाय केंद्रांनी मुखपट्टी, हातांची स्वच्छता व विलगीकरण यांविषयीची माहिती बोलीभाषांतून दिली. मे २०२० मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्र्यांनी देशभरातील समुदाय केंद्रांवरून एकाच वेळी श्रोत्यांना संबोधित केले. या छोट्या केंद्रांचे महत्त्व शासनाने मान्य केल्याची ती पावती होती. परंतु संबोधनाची दिशा पुन्हा वरून खाली, हीच होती.

समारोप

१९५६ मध्ये प्रश्न परत नेणारे साधन टपाल होते, नंतर दूरध्वनी आला आणि समुदाय रेडिओत श्रोता स्वतःच निवेदक झाला. साधने उत्तरोत्तर सुलभ होत गेली. तथापि ऐकणाऱ्यांचा एकत्र बसणारा समूह, त्याच्या प्रश्नाला उत्तर देण्यास बांधील असलेले केंद्र आणि गैरसोय उघड बोलण्याची मुभा या तिन्ही गोष्टी एकाच वेळी क्वचितच उपलब्ध झाल्या. पुणे प्रयोगात पहिल्या दोन होत्या, परंतु स्त्रिया नव्हत्या. समुदाय रेडिओत स्त्रिया आल्या, परंतु तिसरी मुभा अपुरी राहिली. महाविद्यालयांना समुदाय केंद्र चालविण्याचा अधिकार २००२ पासून आहे. आपल्या परिसरातील पाणी, स्वच्छता व आरोग्य यांविषयीचे प्रश्न गोळा करून त्यांची उत्तरे मिळविणारे केंद्र एखाद्या महाविद्यालयाने उभारल्यास पुण्याच्या १५० गावांत सुरू झालेले काम पुढे जाऊ शकेल.