तीन मिनिटांची कुळकथा

नंदुरबार जिल्ह्यात काय किंवा महाराष्ट्रात अन्यत्र काय, ३३/११ केव्ही उपकेंद्रात जे व्हॅक्यूम ब्रेकर उभे असतात, त्यांच्या नामफलकावर बहुधा एक ओळ कोरलेली आढळते : ‘ओ – ०.३ सेकंद – सीओ – ३ मिनिटे – सीओ’. बिघाड होताच ब्रेकरने उघडावे, तीन दशांश सेकंदात पुन्हा मिटावे, बिघाड कायम असल्यास तत्क्षणी पुन्हा उघडावे, आणि तीन मिनिटांनंतर हाच मिटण्या-उघडण्याचा व्यवहार आणखी एकवार पार पाडण्याचे सामर्थ्य त्याच्या अंगी असावे, असा त्या ओळीचा आशय आहे. यातला दुसरा अवधी पहिल्याच्या ६०० पट आहे. इतक्या विषम मापाचे दोन अवधी एकाच कुळातले असणे संभवत नाही, ही शंका मनात उद्भवली आणि पुढील सारा शोध तिच्यातूनच निघाला.

पहिल्या अवधीचे कूळ निर्विवाद आहे. उघड्या तारांवरचे ८० ते ९० टक्के बिघाड क्षणिक असतात, असे या विद्येतले जाणकार सांगतात. वळिवाच्या वाऱ्यात सागाची फांदी तारेला टेकते, किंवा सातपुड्यावर कडाडणारी वीज पिन इन्सुलेटरवरून खांबाकडे उडी घेते. कारण निघून गेले तरी त्या जागी तप्त, विद्युद्भारित वायूची कमान जळत राहते, आणि प्रवाह तोडल्यावाचून ती विझत नाही. प्रवाह तोडून हवेला पूर्ववत निरोधक होण्यास अवसर दिला, की लाइन निर्दोष सापडते. हा अवसर दाबाबरोबर वाढतो. १३२ केव्हीला तो सुमारे पाव सेकंद लागतो, आणि थोडी सवलत धरली की ०.३ हा आकडा सिद्ध होतो. फिलिप स्पोर्न आणि डी. सी. प्रिन्स यांनी १९३७ साली उच्चदाब वाहिन्यांच्या अतिशीघ्र पुनर्जोडणीवर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यापासून हे शास्त्र दृढमूल झाले. यास्तव आकाशातली वीज हीच पुनर्जोडणीची जननी, असा समज रूढ आहे.

तथापि हा समज अर्ध्याच ओळीचा उलगडा करतो. अमेरिकेतल्या एकमार्गी फीडरांवर विसाव्या शतकाच्या आरंभीच दोन-तीनदा आपोआप मिटून मग थांबणारी योजना अंमलात होती, आणि तिच्यातली पहिलीच पुनर्जोडणी ७३ ते ८८ टक्के प्रसंगी यशस्वी होत असे. स्पोर्न-प्रिन्स यांच्या निबंधाच्या पुष्कळ आधीची ही गोष्ट आहे. दुसरा पक्ष विद्युत-रेल्वेकडे बोट दाखवतो. इलिनॉय राज्यात एल्जिन-बेल्व्हिडिअर मार्गावर १९१४ साली मनुष्यविरहित उपकेंद्र सुरू झाले, आणि पगारी माणूस नसल्यामुळे यंत्राला स्वतःच मिटणे शिकावे लागले, असा त्याचा दावा. हा पक्ष सत्याच्या अधिक समीप आहे. मात्र माणूस नव्हता म्हणून यंत्र आले, एवढेच तो सांगतो. यंत्राने कोणाचे अनुकरण केले, हे सांगत नाही.

माझे मत असे, की यंत्राने ऑपरेटरचाच शिरस्ता उचलला. फीडर ट्रिप झाला, की ऑपरेटर रिले पाहतो, रजिस्टरात वेळ नोंदवतो, टेलिफोनवर चौकशी करतो आणि मग एक ‘ट्रायल’ घेतो; लाइन टिकली नाही तर थांबून पुन्हा घेतो, आणि तरीही न टिकल्यास हट्ट सोडून लाइनमनला पाठवतो. ठराविक प्रयत्न, मधली विश्रांती आणि अखेरचा विराम हे तिन्ही गुण यंत्रात जसेच्या तसे उतरले आहेत. अमेरिकी सरकारने १९३५ पासून ग्रामीण विद्युतीकरण हाती घेतल्यावर लांब, विरळ लाइनींसाठी १९४० च्या दशकारंभी कायल कंपनीचा तेलाचा रिक्लोझर, म्हणजे आपोआप पुन्हा मिटणारा ब्रेकर, आला; त्याची रचना या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. प्रत्येक उघडीसरशी तेलाची एक मात्रा ढकलली जाऊन दट्ट्या एक पायरी चढतो. चौथ्या पायरीला खटका पडून यंत्र उघडेच राहते, आणि मध्यंतरी बिघाड निघून गेला तर दट्ट्या सावकाश उतरून मोजणी शून्यावर येते. पहिल्या दोन उघडी बहुधा शीघ्र ठेवतात, म्हणजे फाट्यावरचा डीओ (ड्रॉप-आउट) फ्यूज वाचतो. पुढच्या दोन मंद ठेवतात, म्हणजे बिघाड हटवादी असल्यास तोच डीओ उडून आजारी फाटा अलग पडतो आणि उरलेल्या गावांचा पुरवठा कायम राहतो.

आता ती तीन मिनिटे. ब्रेकर मिटवणारी स्प्रिंग भरण्यासाठी ती मुक्रर केली, असे काहीजण म्हणतात. परंतु स्प्रिंग भरणारी मोटर हे काम पंधरा-एक सेकंदांत उरकते. जुन्या ब्रेकरांतले तापलेले तेल निवण्यासाठी ती ठेवली, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. पण निर्वात कुपीत तेल नसताही आकडा टिकून राहिला, आणि शीघ्र पुनर्जोडणीसाठी नसलेल्या ब्रेकरांना तर आजही दोन्ही वेळा तीन मिनिटेच दिली जातात. ही तीन मिनिटे म्हणजे टेलिफोन, रजिस्टर आणि हँडल यांमधल्या माणसाच्या हालचालीचे माप होय, असा माझा निश्चित कयास आहे.

या वंशनिर्णयाचे व्यावहारिक फळही आहे. १९९८ साली धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याच्या उसाकेळीच्या सपाटीवरची लाइन आणि अक्राणीच्या डोंगरातली लाइन यांचा स्वभाव भिन्न आहे. डोंगरात दूरच्या पाड्याजवळ फांदी टेकली तरी उपकेंद्रातला ब्रेकर सबंध फीडर अंधारात टाकतो, आणि लाइनमनला खांबामागून खांब पाहत दऱ्या उतराव्या लागतात. तोच रिक्लोझर घाटाच्या पायथ्याशी खांबावर बसवला, तर क्षणिक बिघाड तिथल्या तिथे निवळेल, आणि कायमचा असल्यास शोधाचा मुलूख निम्म्याने आटेल. मात्र तुटून जमिनीवर पडलेल्या तारेत प्रत्येक पुनर्जोडणी नव्याने मृत्यू सोडू शकते. म्हणून चौथ्यानंतर थांबणे हा या यंत्राचा सर्वांत थोर गुण, आणि चालू लाइनवर काम करण्यापूर्वी पुनर्जोडणी बंद करणे हा अनुल्लंघनीय हुकूम. ट्रायल घेण्याची कला आपण यंत्राला सोपवली आहे. ट्रायल केव्हा घेऊ नये याची जबाबदारी मात्र परमिट देणाऱ्या आणि घेणाऱ्या माणसांकडेच राहिली पाहिजे.