आप्तविवाह : महाराष्ट्रातील प्रथा, निषेध व आनुवंशिकता

आप्तविवाह : रक्ताचे नाते असलेल्या स्त्रीपुरुषांचा विवाह. माता-पुत्र, पिता-कन्या व सख्खी भावंडे यांच्यातील संबंध जवळजवळ सर्व समाजांत निषिद्ध मानले गेले आहेत. त्यापलीकडे मात्र वर्ज्य आणि इष्ट नात्यांची सीमारेषा एक नाही. नातेवाइकांतील विवाह सामान्यतः टाळणारा उत्तर भारत आणि आते-मामे भावंडांचे व काही समाजांत मामा-भाचीचेही विवाह मान्य करणारा दक्षिण भारत यांच्यामध्ये महाराष्ट्र येतो. त्यामुळे येथील प्रथांत दोन्हीकडचे अंश आढळतात.

मराठा, कुणबी व इतर अनेक मराठी समाजांत मुलाने मामाची मुलगी करणे संमत असून पुष्कळदा ते इष्टही समजले जाते. आत्याची मुलगी करणे मात्र बहुधा टाळतात. ज्या घरी मुलगी दिली त्या घरातून मुलगी आणू नये, वेल मागे फिरू नये, असा त्यामागील संकेत असून त्यास ‘परतवेल’ म्हणतात. मावसबहीण व चुलतबहीण या तर बहिणीच होत. त्यांच्याशी विवाहाचा विचारही अनुचित ठरतो. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात भारतातील आप्तसंबंधांची प्रदेशवार मांडणी करताना महाराष्ट्राचे हे मधले स्थान स्पष्ट केले. भाषेतही या प्रथेची खूण उरली आहे : सून सासऱ्यास ‘मामंजी’ व सासूस ‘आत्याबाई’ म्हणते, ते प्रत्यक्षात तसे नाते नसतानाही. शेतजमीन व देणेघेणे आप्तांतच राहावे, मुलगी ओळखीच्या घरी पडावी, हुंड्याचा भार हलका व्हावा, ही या पसंतीची व्यावहारिक कारणे होत.

धर्मशास्त्रकारांत याविषयी जुना वाद आहे. बौधायन धर्मसूत्रात दक्षिणेकडील पाच विशेष आचार सांगितले असून मामाच्या व आत्याच्या मुलीशी विवाह हे त्यांपैकी होत. मनुस्मृतीने मात्र आते, मामे व मावस या तिन्ही बहिणी वर्ज्य ठरविल्या. चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी पराशरमाधवीय या ग्रंथात मातुलकन्येशी विवाहाचे समर्थन केले. अर्जुनाची सुभद्रा ही त्याच्या मामाचीच मुलगी. अभिमन्यू व बलरामकन्या वत्सला यांची कथा मूळ महाभारतात नाही. लोकपरंपरेने ती घडविली, आणि मामेबहिणीवरील हक्क हाच तिचा गाभा आहे. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या वादाचा सविस्तर परामर्श घेतला आहे.

कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयास असलेल्या विज्ञानेश्वराने मिताक्षरेत ‘सपिंड’ म्हणजे एकाच शरीराचे अंश ज्यांत आहेत ते, असा अर्थ लावला आणि हे नाते पित्याकडून सात व मातेकडून पाच पिढ्यांपर्यंत मानले. या व्याख्येमुळे प्राचीनांना आनुवंशिकी अवगत होती, असे अनेकदा म्हटले जाते. ते ग्राह्य नाही. समान गोत्राचा निषेध कितीही पिढ्या मागे जातो; परंतु वीस पिढ्यांपूर्वीचा एकच समान पूर्वज धरल्यास त्याच्याकडून एकाच जनुकाच्या दोन प्रती अपत्यात एकत्र येण्याची शक्यता दोन लाख कोटींत एक इतकीही नसते. मराठा कुळांतील समान देवकाच्या निषेधासही हेच लागू पडते. उलट, मामे, आते, मावस व चुलत या चारही भावंडांचे रक्तनाते आनुवंशिक दृष्ट्या सारखेच आहे. त्यांपैकी एक इष्ट आणि इतर वर्ज्य, हा भेद समाजाने केलेला आहे.

प्रत्येक व्यक्तीत जनुकांच्या दोन प्रती असतात. अप्रभावी जनुकाचा दोष दोन्ही प्रती सदोष असतील तरच प्रकट होतो. एकच सदोष असल्यास ती व्यक्ती निरोगी वाहक राहते. एकाच पूर्वजाकडून आलेली प्रत अपत्यात दुहेरी होण्याची शक्यता मामा-भाचीच्या विवाहात १/८, आते-मामे भावंडांच्या विवाहात १/१६ आणि त्यांच्या पुढच्या पिढीतील भावंडांच्या विवाहात १/६४ असते. यास अंतःप्रजनन गुणांक म्हणतात. इंग्लंडमध्ये आर्चिबाल्ड गॅरड यांनी १९०२ मध्ये अल्काप्टोनमेह या विरळा विकाराच्या रुग्णांचे आईवडील अनेकदा चुलत-मामे भावंडे असल्याचे दाखविले, तेव्हा या तत्त्वाचा पहिला पुरावा पुढे आला.

मुंबईत १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी शोधलेला ‘बाँबे’ रक्तगट हे याचे बोलके उदाहरण होय. या व्यक्तींच्या तांबड्या पेशींवर ए व बी यांप्रमाणेच एच हा प्रतिजनही नसतो; त्यांना ओ गटाचे रक्तही चालत नाही. प्रकृतीस एरवी अपाय नसतो, पण रक्ताची गरज पडल्यास अडचण गंभीर होते. अशा काही कुटुंबांत आईवडील आप्त असल्याचे आढळले. हा गट दहा हजारांत एक असा मानल्यास आते-मामे भावंडांच्या अपत्यांत त्याचे प्रमाण सुमारे चौदाशेत एक, म्हणजे सातपट होते. जनुक जितका विरळ तितकी ही वाढ मोठी. तथापि एकूण धोका अतिरंजित करू नये : कोणत्याही दांपत्याच्या अपत्यात जन्मजात दोषाची शक्यता दोन-तीन टक्के असतेच; प्रथम भावंडांच्या विवाहात तीत आणखी दोन-तीन टक्क्यांची भर पडते. पिढ्यानपिढ्या असेच विवाह होत गेलेल्या घराण्यात ती अधिक असू शकते.

नात्यातील विवाह टाळला म्हणजे धोका टळला, असेही नव्हे. सिंधी, लोहाणा व कच्छी भानुशाली समाजांत थॅलसीमियाचे वाहक पुष्कळ आहेत. सिंधी हिंदूंत तर जवळच्या नात्यात विवाह सहसा होत नाहीत. जातीबाहेर विवाह नाही, एवढेच तेथे पुरेसे ठरते. विदर्भातील व नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यातील दात्रपेशी रक्तक्षयासही हिवतापाच्या प्रादुर्भावाबरोबर हे जातीय बंदिस्तपण कारणीभूत आहे. दूरचे सगोत्र निषिद्ध आणि जातीबाहेरचा वर त्याहून निषिद्ध, हा आग्रह आरोग्याच्या दृष्टीने उलटाच पडतो.

कायद्याने यांपैकी काही गाठी सोडविल्या. १९४६ च्या अधिनियमाने सगोत्र व सप्रवर विवाह वैध ठरविले. १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाने सपिंडतेची मर्यादा पित्याकडून पाच व मातेकडून तीन पिढ्यांवर आणली. भाऊ व बहीण यांच्या अपत्यांचा विवाह त्यात निषिद्ध असला, तरी दोन्ही पक्षांत तशी रूढी असल्यास तो चालतो. ती दीर्घकाळ अखंड पाळली गेल्याचे सिद्ध करावे लागते. १९५४ च्या विशेष विवाह अधिनियमात रूढीची सवलत १९६३ च्या दुरुस्तीने आली. मुस्लिम विधीत चारही प्रकारच्या भावंडांचा विवाह संमत आहे.

पनवेलजवळील खांदेश्वर, कामोठे यांसारख्या वसाहतींत कोकण, देश व मराठवाडा येथील कुटुंबे शेजारी राहतात. एका घरी रूढ असलेले नाते दुसऱ्या घरी अनाचार वाटते. मूल बहिरे वा मतिमंद जन्मल्यास दोष मात्र दोन्हीकडे आईच्याच माथी येतो. वास्तविक अप्रभावी विकारात सदोष प्रत दोघांकडूनही आलेली असते. आनुवंशिक सल्ला घेताना म्हणूनच दोन्ही कुळांची किमान तीन पिढ्यांची वंशावळ मांडतात, आणि थॅलसीमियाच्या वाहकांचा शोध विवाहापूर्वी वा गर्भारपणाच्या आरंभी साध्या रक्तपरीक्षेने घेता येतो. गर्भलिंग निवडीस बंदी घालणाऱ्या १९९४ च्या केंद्रीय अधिनियमाने नोंदणीकृत केंद्रांत आनुवंशिक विकारांसाठी गर्भपरीक्षेची मुभा ठेवली आहे.