अंतरपाट आणि मांडव

लग्नात अंतरपाटाजवळ मोजक्यांनाच जागा मिळते. बाकीचे मांडवातून अक्षता टाकतात. मोठी ऑनलाइन सभा हुबेहूब तशीच भरते. तिचे माहेर आणि सासरही वेगळ्या कुळांतले: एक व्हिडिओ कॉन्फरन्सिंग, दुसरे थेट प्रक्षेपण.

व्हिडिओ कॉन्फरन्सिंग टेलिफोनच्या घरचे. अमेरिकी टेलिफोन कंपनी एटी अँड टीने 1964 च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यात पिक्चरफोन मांडला, तेव्हापासूनची अट एकच: विचारले की लगेच उत्तर आले पाहिजे. माणसे वाढली की प्रत्येकाचे चित्र प्रत्येकाला पोचवताना सर्व्हर धापा टाकतो. थेट प्रक्षेपण रेडिओ-टीव्हीच्या घरचे. ते चित्राचे काही सेकंदांचे तुकडे पाडून लाखोंना वाटते; गर्दीची फिकीर नाही, पण मंगलाष्टक संपल्यावर मांडवात ऐकू येते. दोघांची सोयरीक जमवली आरटीएमपी नावाच्या पद्धतीने. मॅक्रोमीडिया कंपनीने ती आपल्या फ्लॅश सॉफ्टवेअरसाठी बनवली, पुढे मॅक्रोमीडिया अडोबीकडे गेली आणि 2009 मध्ये अडोबीने तिचा तपशील जाहीर केला. फ्लॅश मेले, पण मीटिंगचे चित्र यूट्यूबवर चढवायला ती अजून राबते.

कंपन्यांच्या भागधारकांच्या सभेतही ही दोन्ही घरे आली. शेअर बाजारात नोंदलेल्या पहिल्या शंभर कंपन्यांना वार्षिक सभेचे थेट प्रक्षेपण करायला बाजार नियामक सेबीने 2019 पासून लावले. शब्द होता 'एकतर्फी', म्हणजे बघा, बोलू नका. मग करोना आला. कंपनी व्यवहार मंत्रालयाने एप्रिल-मे 2020 मध्ये सभा व्हिडिओवर घ्यायला मुभा दिली. ई-मतदान बंधनकारक असलेल्या कंपन्यांनी किमान हजार भागधारकांची सोय करायची, पहिला येईल त्याला पहिली जागा. दोन टक्के किंवा त्याहून जास्त शेअर असलेल्यांना मात्र ही रांग नव्हती. मानाचे पाहुणे इथेही! 15 जुलै 2020 रोजी रिलायन्सची 43 वी सभा ऑनलाइन झाली, आणि सोबत प्रक्षेपणही.

विदर्भातल्या वणीहून मुंबईची सभा गाठायची तर रात्रभराची रेल्वे, मुक्काम, आणि पदरात नाश्त्याचे पाकीट. दहा शेअरवाला कशाला जाईल? त्याला कोळशाच्या ट्रकांच्या घरघरीत, दुकानाच्या गल्ल्यावर बसून अध्यक्षांचे भाषण ऐकता आले, ही कमाई मी मोठीच मानतो. प्रश्न विचारायचा असेल तर मात्र सभेच्या नोटिशीतली मुदत बघा आणि वक्ता म्हणून नाव आधीच नोंदवा. यूट्यूबवरून हात वर केलेला कुणाला दिसत नाही.