घोडा गेला, जीन राहिले

आपल्या भाषेत ‘खोगीरभरती’ हा शब्द तुच्छतेने योजण्याचा प्रघात आहे. खोगिराच्या पोटात जुनी लक्तरे, गवत, केस असे काहीही कोंबले तरी ते वरून दिसत नाही, ह्या अनुभवातून तो निघाला असावा. आणि एखाद्या ग्रंथात निरुपयोगी मजकूर आढळला की टीकाकाराच्या लेखणीतून तो हटकून उतरतो. परंतु ज्या कारागिराने ते खोगीर शिवले त्याचे म्हणणे कोणी ऐकून घेतलेले दिसत नाही. भरती एके ठिकाणी दाट व एके ठिकाणी विरळ झाली, की चार कोसांत घोड्याची पाठ सोलते. पाठ सोलली की घोडा निकामी होतो. आणि घोडा निकामी झाला की स्वार पायउतार होतो. तात्पर्य, जे डोळ्यांना दिसत नाही त्यावरच स्वाराचा प्रवास अवलंबून असे. ह्या उपेक्षित कारागिराच्या विद्येचे घोड्यामागून काय झाले, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ती विद्या घोड्याबरोबर लयास गेली, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः ती एका नव्या वाहनावर चढली. ज्या वाहनास आपल्याकडील मुले त्याच्या आवाजावरून ‘फटफटी’ म्हणू लागली, तेच हे वाहन.

१८८५ साली जर्मनीतील कान्श्टाट येथे गोटलीब डाइमलर व विल्हेल्म मायबाख ह्या दोघांनी पेट्रोलवर चालणारे एक लहानसे एंजिन लाकडी सांगाड्यात बसवून दुचाकी सिद्ध केली. तिला त्यांनी ‘राइटवागेन’ म्हणजे ‘स्वारीची गाडी’ असे नाव दिले. नावाप्रमाणेच बैठकही होती. यंत्र अगदी नवे, पण त्यावर बसण्याची जागा मात्र घोड्याच्या जिनासारखी, चामड्याने मढविलेली! एंजिनाची शक्ती अवघी अर्ध्या अश्वबलाची, आणि वेग ताशी ११ किलोमीटरांच्या आसपास. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात डाइमलरचा मुलगा पॉल हा तीवर बसून उन्टरट्युर्कहाइमच्या दिशेने गेला असता, एंजिनातील तापलेली नळी नेमकी बैठकीखाली असल्यामुळे बैठकीनेच पेट घेतला, असे सांगतात. मूळ गाडी १९०३ सालच्या आगीत कारखान्याबरोबर नष्ट झाली; आज संग्रहालयांतून दिसतात त्या तिच्या प्रतिकृती होत. मोटारसायकलीचा व चामड्याचा संबंध असा पहिल्या दिवसापासूनचा आहे.

इंग्लंडात हा संबंध जुळून येण्याची कथा अधिक मनोरंजक आहे. जॉन बोल्टबी ब्रुक्स नावाचा एक तरुण १८६५ साली लीस्टरशायर सोडून बर्मिंगहॅम शहरी आला व पुढील वर्षी त्याने घोड्यांचे साज व इतर चर्मवस्तू करण्याचे दुकान काढले. काही वर्षांनी त्याचा घोडा मेला, दुसरा घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून तो उसनी सायकल घेऊन कामावर जाऊ लागला, आणि तिच्या कठीण बैठकीने इतका हैराण झाला की आपणच चांगली बैठक करावयाची असा त्याने निश्चय केला, अशी त्या पेढीची परंपरागत हकीकत आहे. १८८२ साली त्याने चामड्याच्या बैठकीचे पेटंट घेतले. ह्या बैठकीतील युक्ती मोठी सोपी आहे. जाड चामड्याचा एकच तुकडा भिजवून, साच्यावर आकार देऊन, पुढच्या टोकाला व मागच्या पट्टीला रिव्हेट मारून झोळीसारखा ताणावयाचा. खाली भरती मुळीच नाही. स्वाराच्या भाराने ते चामडे हळूहळू त्याच्याच अंगलटीचे होते, आणि सैल पडले तर पुढचा स्क्रू फिरवून पुन्हा ताणता येते. ‘खोगीरभरती’ करण्याचे कारणच त्याने अशा रीतीने नाहीसे केले! पुढे ह्याच पेढीने मोटारसायकलींच्या बैठकीही केल्या. त्या काळच्या गाड्यांस मागील चाकापाशी धक्के शोषून घेणारी कोणतीही योजना नसे. रस्त्यावरील प्रत्येक खड्डा सरळ स्वाराच्या कण्यापर्यंत पोचे. तो मध्येच अडविण्याचे काम चामड्याची बैठक व तिच्याखालील पोलादी स्प्रिंगा ह्यांनाच करावे लागे.

बैठकीवरच हे प्रकरण संपत नव्हते. आरंभीच्या कित्येक मोटारसायकलींत एंजिनाची शक्ती मागच्या चाकाकडे नेणारा पट्टाही चामड्याचाच असे. पाऊस पडला की तो भिजून घसरे, ताणून लांब होई, आणि भररस्त्यात तुटला म्हणजे स्वारास उतरून तो कापून पुन्हा सांधावा लागे. ह्यास्तव पान्हे, तेलाची कुपी व पट्ट्याचे जादा तुकडे ठेवण्यासाठी चामड्याची पिशवी जवळ बाळगणे भाग पडे. हातांत चामडी हातमोजे, पायांत उंच बूट, अंगात चामडी कोट, असा स्वाराचा थाट असावयाचा. पुढे पट्ट्याची जागा रबर-कॅनव्हासने व नंतर लोखंडी साखळीने घेतली. परंतु बैठक, पिशव्या व पोशाख ह्यांतून चामडे हटले नाही.

ह्या कामातील शिवणीविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. जीनकाराची हातशिवण म्हणजे एकाच मेणवलेल्या दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया. आरीने छिद्र पाडावयाचे आणि दोन्ही सुया दोन्ही बाजूंनी त्याच छिद्रातून आरपार न्यावयाच्या. अशा शिवणीतील एखादा टाका झिजून तुटला, तरी शेजारचे टाके दुसऱ्या पदरावर उभे राहतात. शिवणयंत्राची गोष्ट निराळी. त्यात वरचा व खालचा असे दोन स्वतंत्र दोरे चामड्याच्या मध्यावर एकमेकांत अडकलेले असतात. त्यांतील एक तुटला की शेजारच्या टाक्यांचा आधार जातो आणि शिवण उसवू लागते. म्हणूनच ओझे पेलणाऱ्या पिशव्या व पट्टे ह्यांकरिता आजही जाणते कारागीर दोन सुयांचीच शिवण पसंत करतात. अंगातील कोट यंत्रावर शिवतात खरे, पण तेथेही जोड दुहेरी-तिहेरी करण्याची दक्षता घ्यावी लागते.

बर्मिंगहॅमच्या शेजारी वॉल्सॉल नावाचे एक गाव आहे. जीन, लगाम, रिकिबी, बकले ह्यांकरिता ते एके काळी जगप्रसिद्ध होते. तेथील फुटबॉलच्या संघास अद्यापि ‘सॅडलर्स’ म्हणजे ‘जीनकार’ असेच टोपणनाव आहे. पहिल्या महायुद्धानंतर घोड्यांची मागणी ओसरली, तेव्हा ह्या गावाने पैशांची पाकिटे, हातपिशव्या, पट्टे अशा हलक्या चर्मवस्तूंकडे मोहरा वळविला व आपला धंदा जिवंत ठेवला. १९८८ साली तेथे चामड्याच्या धंद्याचे संग्रहालयही उघडले.

हे वाचीत असता पुण्याच्या जीनगरांची आठवण झाल्यावाचून राहात नाही. ‘जीनगर’ हा शब्दच मुळी जीन करणारा ह्या अर्थाचा फारसी शब्द होय. मराठी राज्याचा पसारा घोड्याच्या पाठीवर उभा होता. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई व बारगिरास सरकारी घोडा मिळे, परंतु जीन दोघांसही लागे. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि स्वारांच्या पागांबरोबर जीनगराचे गिऱ्हाईकही गेले. ह्या लोकांनी हार खाल्ली नाही. पुस्तकबांधणी, धातुकाम, सुतारकाम, रंगकाम, मातीच्या मूर्ती अशा नाना धंद्यांत त्यांचे हात शिरले, व तेथेही त्यांनी नाव मिळविले. पण जिनाची विद्या मात्र जिनापाशीच थांबली. वॉल्सॉलच्या पाठीशी कोळसा, लोखंड, आगगाडी, पलटणींच्या मागण्या व साम्राज्यभर पसरलेला बाजार होता. आमच्या कारागिराचा मोठा आश्रयदाता एकच, आणि तोच नाहीसा झाला. धंदा बुडतो तो वस्तू जुनी झाल्याने नव्हे, तर नव्या वस्तूपर्यंत पोचण्याची वाट बंद असल्याने, असे ह्यावरून म्हणावेसे वाटते.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. चामडे कमावण्यासाठी विलायतेतील कारखाने ओकच्या सालीबरोबरच हिंदुस्थानातला हिरडाही वापरीत. मुंबई बंदरातून तो मोठ्या प्रमाणावर परदेशी जाई. सह्याद्रीच्या रानात डोंगरी माणसांनी वेचलेले ते फळ कोणत्या साहेबाच्या जिनात मुरले हे कोण सांगणार? हाच हिरडा व बाभळीची साल कोल्हापुरी पायताणाच्या चामड्यासही लागते. द्रव्य तेच, विद्या तीच. भेद होता तो मानाचा. लंडनच्या जीनकारांच्या मंडळीस १३९५ साली राजाची सनद मिळाली व नगरीच्या मानकऱ्यांत तिचे स्थान राहिले. आमच्याकडे कातडे कमावणाऱ्यास गावकुसाबाहेर घर दिले गेले, आणि त्याच्या हातची वहाण घालून त्याच्या सावलीचा मात्र विटाळ मानला गेला. ज्या विद्येस समाजात बसावयास जागा नाही, तिने नव्या युगाच्या यंत्रावर बैठक कशी मांडावी?

अटलांटिकपलीकडे निराळाच प्रकार घडला. न्यूयॉर्क शहरात अर्व्हिंग शॉट व त्याचा भाऊ जॅक ह्यांनी १९१३ साली पावसाळी कोट शिवून घरोघर विकण्याचा धंदा आरंभिला. १९२८ साली अर्व्हिंगने खास मोटारसायकलस्वारांसाठी एक आखूड चामडी कोट तयार केला व आपल्या आवडत्या चिरुटावरून त्याचे नाव ‘पर्फेक्टो’ असे ठेवले. लाँग आयलंडवरील हार्ले-डेव्हिडसनच्या विक्रेत्याकडे तो साडेपाच डॉलरांस मिळे. बटणांऐवजी त्यास झिप लाविली होती, आणि तीही मधोमध न लाविता तिरकी, जेणेकरून पुढे वाकून बसलेल्या स्वाराच्या पोटास ती रुतू नये व समोरचा वारा दुहेरी पदराने अडावा. हा कोट घोड्याच्या कातड्याचा असे. अमेरिकेत पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अडीच कोटींहून अधिक घोडे व खेचरे होती. १९५० पर्यंत ती संख्या एक कोटीच्याही खाली आली. ट्रॅक्टर व मोटार ह्यांनी घोड्यास शेतातून व रस्त्यावरून घालविले. ज्या प्राण्याच्या पाठीवर माणूस हजारो वर्षे बसला, तो आता माणसाच्या पाठीवर येऊन बसला. पुढे घोडेच कमी झाले, तेव्हा गाईबैलांचे चामडे रूढ झाले. १९५३ च्या ‘द वाइल्ड वन’ ह्या चित्रपटात मार्लन ब्रँडोच्या अंगावर असा कोट दिसल्यापासून तो उनाडपणाचे चिन्ह ठरला, आणि त्याच्या शिवणीतील शहाणपण लोक विसरले.

ते शहाणपण कोणते? कापड सूत विणून होते. रस्त्यावर घासले की एक सूत तुटते आणि वीण उकलते. चामड्यात तंतूंचे जाळे सर्व दिशांनी गुंतलेले असल्यामुळे ते उकलत नाही, झिजत झिजत जाते. आणि तो झिजण्याचा अल्पकाळ म्हणजेच स्वाराची कातडी वाचण्याचा काळ होय. शर्यतींत जेफ ड्यूक ह्या इंग्रज स्वाराने १९५० च्या सुमारास आपल्या गावच्या शिंप्याकडून अंगाबरोबर बसणारा एकसंध चामडी पोशाख शिवून घेतला, तेव्हापासून तीच रीत पडली. अमेरिकेत ओरेगनमधील पोर्टलंड येथे रॉस लँगलिट्झ ह्याने १९४७ साली मापाप्रमाणे चामडी कोट शिवण्याचे दुकान काढले. मोटारसायकलीच्या अपघातात तरुणपणीच त्याचा एक पाय गेला होता. तरी त्याने स्वारी सोडली नाही. रस्त्यावर पडणे म्हणजे काय हे ज्याने स्वतःच्या देहावर अनुभविले, त्याच्या हातची शिवण विश्वासार्ह वाटावी ह्यात नवल नाही.

चामड्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ते त्वचा राखते, कवटी राखीत नाही. टी. ई. लॉरेन्स ह्याचा मे १९३५ मध्ये मोटारसायकलीच्या अपघातात डोक्यास मार बसून अंत झाला. त्याच्या उपचारांत असलेले शस्त्रवैद्य ह्यू केर्न्स ह्यांनी पुढे संशोधन करून १९४१ साली शिरस्त्राणाची आवश्यकता सप्रमाण मांडली. आजच्या युरोपीय मानकांत तर पोशाखाच्या चामड्याची घासणी, तशीच शिवणीची ताकदही मोजून त्याची प्रत ठरवितात. खोगिराच्या जुन्या कारागिरास जे ठाऊक होते, तेच आज प्रयोगशाळेत सिद्ध होत आहे: तुटते ते बहुधा जोडाशी तुटते.

आपल्या गावोगावी आज मोटारसायकली धावत आहेत. रस्त्याच्या कडेला बैठकांची कव्हरे शिवणारा एखादा माणूस छत्रीखाली बसलेला असतो. त्याच्यापाशी आरी असते, मेणाचा गोळा असतो, जाड दोरा असतो. आपण घाईने थांबतो, भाव करतो, आणि त्याचे नावही न विचारता निघून जातो. पाठीखालचे जीन बदलले, वाहन बदलले, वेग कितीतरी पटीने वाढला. पण ज्याच्या टाक्यावर आपण निर्धास्त बसतो त्याच्याविषयीची आपली नजर बदलली काय, ह्याचे उत्तर ज्याने त्याने आपापल्या मनाशी द्यावयाचे आहे.