थांबलेला माणूस आणि चालणारा तारा

जुन्या शहरांचे फोटो पाहताना बहुतेकांच्या तोंडून एक वाक्य हमखास निघतं, "काय निवांत होतं हो तेव्हा!" रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं, लांब कुठेतरी एखादी घोडागाडी, तीही उभी, आणि माणूस मात्र औषधालाही नाही. मग आजच्या गर्दीशी तुलना होते आणि मग एक उसासा. आज लिहायचंय ते या उशाशाबद्दलच. कारण त्या फोटोतला निवांतपणा पुष्कळदा शहराचा नसतो, कॅमेऱ्याचा असतो.

कॅमेऱ्यातली काच (आधी धातूचा पत्रा, आता सेन्सर) प्रकाश साठवते. पागोळीखाली ठेवलेल्या भांड्यात थेंब साठावेत, तसं. जी वस्तू हलत नाही, तिचा प्रकाश एकाच जागी पडत राहतो आणि तिचं चित्र उमटतं. चालणाऱ्या माणसाचा प्रकाश या क्षणी इथे, पुढच्या क्षणी तिथे. कुठल्याच एका जागी तो पुरेसा साठत नाही, आणि त्याच्या मागची भिंत मात्र आपला प्रकाश ओतत राहते. शटर काही मिनिटं उघडं ठेवलं, तर माणूस रस्त्यावरून चालत जाऊनही फोटोत नसतो. याला लाँग एक्स्पोजर म्हणतात. आज लोक मुद्दाम, हौसेने असे फोटो काढतात. सुरुवातीला दुसरा इलाजच नव्हता.

आज टिकून असलेला सर्वांत जुना कॅमेराफोटो नीसेफोर निएप्सचा, १८२६-२७ च्या सुमाराचा. फ्रान्समधल्या आपल्या घराच्या खिडकीतून दिसणारी छपरं त्याने डांबराचा लेप दिलेल्या पत्र्यावर उमटवली. एक्स्पोजर किती? निदान आठ तास, आणि काही अभ्यासकांच्या मते कित्येक दिवस. त्यामुळे या चित्रात अंगणाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ऊन आहे! सकाळ आणि संध्याकाळ एकाच पत्र्यावर. फोटो म्हणजे 'क्षण पकडणं' असं आपण सहज म्हणतो, पण या कलेचा आरंभच मुळी न पकडलेल्या क्षणाने झाला आहे.

पुढचा टप्पा दागेरचा. १८३८ साली त्याने पॅरिसच्या 'बुलव्हार द्यु तांप्ल' या रस्त्याचा फोटो काढला. हा नाटकगृहांचा भाग, शहरातल्या अतिशय गजबजलेल्या जागांपैकी एक. पण एक्स्पोजर काही मिनिटांचं होतं, त्यामुळे गाड्या, घोडे, पादचारी सगळे नाहीसे झाले. उरला एक माणूस, डाव्या कोपऱ्यात, एक पाय वर टेकवून उभा. तो बूट पॉलिश करून घेत होता, म्हणून तेवढा वेळ एका जागी राहिला. छायाचित्रात दिसलेला पहिला माणूस म्हणून आज त्याची ओळख सांगतात. नाव कोणालाच ठाऊक नाही.

१८३९ च्या मार्चमध्ये तारायंत्रवाला सॅम्युएल मोर्स पॅरिसमध्ये होता. त्याने दागेरच्या घरी हे पत्रे पाहिले आणि भावाला पत्र लिहून कळवलं की एरवी गाड्या आणि माणसांनी भरून वाहणारा हा रस्ता फोटोत अगदी ओस आहे, फक्त एक माणूस बूट साफ करून घेतोय. म्हणजे पहिल्या पाहणाऱ्यांना ही गोष्ट नीट कळली होती. रस्ता रिकामा नव्हता, तो रिकामा दिसतोय, हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. ते स्वतः त्याच रस्त्याने आले होते! विसरलो ते आपण, दीडशे-पावणेदोनशे वर्षांनंतरचे.

आणि बूटपॉलिशवाला? तोही आहे तिथे, पण धूसर. गिऱ्हाईक स्थिर उभं होतं, म्हणून ठसठशीत उमटलं. ज्याचे हात चालू होते तो अर्धामुर्धा. काम करणारा पुसट आणि काम करून घेणारा स्पष्ट. दागेरच्या मनात यातलं काही असेल असं नाही. पण इतिहासाची कागदपत्रं चाळणाऱ्या कोणालाही हा प्रकार ओळखीचा वाटेल.

आपल्याकडे ही कला फार लवकर आली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार. तेव्हाच्या कागदी किंवा काचेच्या निगेटिव्हला काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत वेळ लागायचा. त्या काळातल्या मुंबईच्या फोटोंत रस्ते मोकळे दिसतात, क्वचित एखादा माणूस पायऱ्यांवर बसलेला, एखादी बैलगाडी सोडून ठेवलेली. आता १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या किती भरली होती? ८ लाख १६ हजारांवर! कापसाच्या भरभराटीचे दिवस होते ते. प्रत्येक रिकामा रस्ता शटरनेच रिकामा केला असं नव्हे. काही फोटो भल्या पहाटेचे असतील, काही ठिकाणी खरोखरच वर्दळ नसेल. पण "तेव्हा मुंबई किती शांत होती" असा निष्कर्ष फोटोवरून काढण्याआधी शटर किती वेळ उघडं होतं, हे विचारायला हवं. हमाल, पाणके, भाजीवाल्या, ओझी वाहणारे सगळे त्या रस्त्यावर होते. थांबायची सोय त्यांना नव्हती, एवढंच.

समुद्राचीही तीच गत. लाटा धुकं होऊन बसायच्या. त्यातून त्या काळची काच निळ्या रंगाला इतकी हळवी, की समुद्र नीट येईपर्यंत आकाश जळून पांढरं पडायचं. १८५६-५७ च्या सुमारास फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रेने लाट थांबवून दाखवली, आणि कित्येक चित्रांत समुद्र एका निगेटिव्हचा आणि आकाश दुसऱ्याचं असं जोडकाम केलं. लोक थक्क झाले. गंमत अशी, की लाट गोठवण्यासाठी एवढा आटापिटा झाला आणि आज किनाऱ्यावर फोटो काढणारे लेन्सवर काळी काच लावून, भर दिवसा मिनिट-मिनिट शटर उघडं ठेवून तेच धुकं परत आणतात. जे तेव्हा दोष होतं, ते आता सौंदर्य झालं.

इथपर्यंतची गोष्ट नाहीसं होण्याची झाली. पण त्याच वर्षांत हीच पद्धत वर, आकाशाकडे वळली, आणि तिथे तिने बरोबर उलटं काम केलं.

१८४० साली न्यूयॉर्कमध्ये जॉन विल्यम ड्रेपरने वीस मिनिटांच्या एक्स्पोजरने चंद्राचा फोटो काढला. १८५० साली हार्वर्डच्या वेधशाळेत बाँड आणि व्हिपल यांनी अभिजित ताऱ्याचा फोटो घेतला, सुमारे शंभर सेकंदांचा. सूर्याखेरीज दुसऱ्या कुठल्या ताऱ्याचा हा पहिला फोटो. पण यापुढे गाडी अडली. त्यानंतर आलेली कलोडियनची ओली काच काही मिनिटांतच वाळून निकामी व्हायची. १८७१ नंतर कोरड्या प्लेटी आल्या, आणि तासन् तास शटर उघडं ठेवणं शक्य झालं. ३० सप्टेंबर १८८० च्या रात्री जॉन विल्यमचा मुलगा हेन्री ड्रेपर याने मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा फोटो घेतला, एक्स्पोजर ५१ मिनिटं. तीनच वर्षांत इंग्लंडमध्ये अँड्र्यू कॉमनने त्याच तेजोमेघाच्या फोटोत असे तारे दाखवले, जे दुर्बिणीला डोळा लावूनही दिसत नव्हते.

इथे एक मोठी गोष्ट घडली, आणि ती फार गाजावाजा न होता घडली. आपला डोळा प्रकाश साठवत नाही. अंधाराला सरावायला लागतो तेवढा वेळ सोडला, तर मंद तारा तासभर टक लावून पाहिला तरी तो पहिल्या मिनिटाइतकाच मंद दिसतो. काचेला मात्र जितका वेळ द्यावा तितकं अधिक दिसतं. माणसाला जे कधीच दिसलं नसतं, ते काचेला दिसू लागलं.

पण मग प्रश्न पडतो. तारेही हलतात ना? पृथ्वी फिरते, त्यामुळे तासाभरात आकाश १५ अंश सरकतं. कॅमेरा नुसता तिपाईवर ठेवला तर ताऱ्यांच्या रेघा उमटतात. (त्याही सुंदर दिसतात, ध्रुवाभोवतीची वर्तुळं आपण सर्वांनी पाहिली आहेत.) पण मंद ताऱ्याचा प्रकाश रेघेत पसरला, की तो पॅरिसच्या पादचाऱ्यासारखाच नाहीसा होतो. यावर खगोलशास्त्रज्ञांनी काढलेला उपाय म्हणजे घड्याळाच्या यंत्राने दुर्बीणच ताऱ्याच्या वेगाने फिरवायची. शिवाय यंत्रावर भरवसा नाही, म्हणून एक माणूस थंडीत कुडकुडत, एका मार्गदर्शक ताऱ्यावर डोळा ठेवून, तासन् तास बारीक दुरुस्त्या करत बसायचा.

मला या साऱ्या इतिहासाचं मर्म इथे दिसतं. रस्त्यावरचा माणूस चालत होता म्हणून पुसला गेला, असं आपण म्हणतो. पण तारासुद्धा चालतच होता. फरक इतकाच, की ताऱ्याबरोबर कोणीतरी चाललं.

आपल्या भागातलंही एक उदाहरण आहे. २२ जानेवारी १८९८ चं खग्रास सूर्यग्रहण सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरहून दिसणार होतं. पुण्याच्या तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी नायगमवाला तिथे पथक घेऊन गेले, आणि अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल चाळीस फुटी कॅमेरा घेऊन तिथेच आले. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्यात सूर्याभोवतालच्या प्रभामंडळाचे फोटो घ्यायचे, काही क्षणभराचे, काही लांब. क्षणभराच्या फोटोत सूर्यालगतचा झगझगीत भाग येतो, पण बाहेरचे मंद पदर येतच नाहीत. लांब एक्स्पोजरमध्ये बाहेरचे पदर येतात आणि आतला भाग जळून जातो. सगळं सांगणारा एक फोटो नसतोच. किती वेळ पाहिलं यावर काय दिसलं हे ठरतं.

त्या काळच्या काचा वाचायचं काम हार्वर्डमध्ये प्रामुख्याने स्त्रियांनी केलं, तुटपुंज्या पगारावर. विल्यमिना फ्लेमिंग यांना १८८८ च्या एका प्लेटवर मृगातला अश्वशीर्ष तेजोमेघ सापडला. हेन्रिएटा लेविट यांनी प्लेटांवरून रूपविकारी तारे मोजत मोजत त्यांच्या तेजाचा आणि कालावधीचा संबंध १९१२ साली मांडला. ऑक्टोबर १९२३ मध्ये हबलने माउंट विल्सनवरून देवयानीची ४५ मिनिटांची प्लेट घेतली आणि तीवर तसलाच एक तारा सापडला. त्याच्या अंतरावरून सिद्ध झालं, की देवयानी आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे. विश्व एकाएकी केवढं तरी मोठं झालं. डिसेंबर १९९५ मध्ये त्याच हबलच्या नावाच्या अवकाश दुर्बिणीने सप्तर्षींजवळच्या, जवळपास रिकाम्या दिसणाऱ्या एका ठिपक्याकडे सलग दहा दिवस पाहिलं. इतका मोलाचा वेळ वाया जाईल असं अनेकांचं मत होतं. ३४२ फोटोंच्या बेरजेतून त्या ठिपक्यात सुमारे तीन हजार दीर्घिका निघाल्या. रिकामं काही नव्हतंच.

असो. पुन्हा जमिनीवर येऊ. १९९२-९४ या काळात सोव्हिएत संघ कोसळल्यानंतरच्या सेंट पीटर्सबर्गमध्ये अलेक्सेई तितारेंको याने मेट्रो स्थानकाच्या पायऱ्यांवरच्या गर्दीचे लांब एक्स्पोजरचे फोटो काढले. माणसं धुरासारखी वाहताहेत, आणि कठड्यावर टेकलेले काही हात तेवढे स्पष्ट. टंचाईतली, रांगांतली, वाट चुकलेली ती माणसं. दागेरच्या रस्त्यावर गर्दी नकळत नाहीशी झाली होती. इथे तिचं नाहीसं होणंच फोटोचा विषय आहे. तीच युक्ती, पण या वेळी छायाचित्रकार त्यांच्या बाजूने उभा होता.

आजच्या रात्रींचा प्रश्न निराळा आहे. शहरांच्या दिव्यांनी आकाश इतकं उजळलंय, की शटर जास्त वेळ उघडं ठेवलं तर तारे नाहीत, उजेडच साठतो. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातला पेंच व्याघ्रप्रकल्प भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' ठरला. अंधारही आता राखून ठेवावा लागतो! २०१९ पासून उपग्रहांचे थवे वाढले आहेत, आणि त्यांच्या रेघा आकाशाच्या फोटोंत येतात. त्या काढून टाकायला सॉफ्टवेअर आहे. अनेक फोटो एकावर एक ठेवायचे, जे हलतं ते पुसायचं. पर्यटनस्थळी काढलेल्या फोटोंतून गर्दी घालवायलाही हीच युक्ती वापरतात. १८३८ साली नाइलाजाने झालं ते आता बटण दाबून होतं.

म्हणून पुढच्या वेळी कोणी जुन्या रिकाम्या रस्त्याचा फोटो दाखवून उसासा टाकला, तर त्या फोटोच्या कडा जरा निरखून पाहा. कुठेतरी भिंतीपाशी, जमिनीलगत एक फिकट डाग असतो. बहुतेक वेळा आपण तो काचेवरचा दोष समजतो. तो हात चालू असलेला कोणीतरी असू शकतो.